युद्धस्मारकाला शाळेची सहल न्यायचीय? आधी पोरांच्या हातात एक नाव द्या

सहल म्हटलं की आपल्याकडं ठरलेलं असतं, एक किल्ला, एक देऊळ, एक वॉटर पार्क, आणि इतिहासाच्या नावाखाली जाता जाता एखादं स्मारक. मी सातारा जिल्ह्यात माध्यमिकला इतिहास शिकवतो आणि पहिल्या वर्षी मीही नेमकं असंच केलं होतं, एका दिवसात चार ठिकाणं, त्यात पुण्यातल्या खडकीच्या वॉर सिमेट्रीला, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या दफनभूमीला, मोजून वीस मिनिटं, पोरं आत पळाली, सेल्फी काढले, पळत बसमध्ये येऊन बसली. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं काय बघितलं तर एकानं सांगितलं, "सर, बाग लय भारी होती." त्यात पोराचा काय दोष, मीच त्याला तिथं काय बघायचं ते सांगितलं नव्हतं. त्यानंतर सहलीची पद्धत पार बदलली, ती इथं सविस्तर लिहितोय, कुणाला उपयोग झाला तर आनंदच आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. जागा दाखवायला नेऊ नका, नाव शोधायला न्या. खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ जणांच्या कबरी आहेत, हा आकडा नववीच्या पोराला सांगून काहीही होत नाही. पण त्यातलं एक नाव, वय अमुक, तारीख अमुक, युनिट अमुक असं चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात दिलं आणि म्हणालो की बाळा हा दगड शोधून काढ, की ते पोर अख्खी सिमेट्री पालथी घालतं.

ही नावं मिळवायची कुठून? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून संस्था आहे, १९१७ साली स्थापन झालेली, खडकीची सिमेट्री तीच सांभाळते. त्यांच्या साइटवर सगळ्यांची नोंद फुकट बघता येते, सिमेट्रीचं नाव टाकलं की यादी येते आणि प्रत्येक नावापुढं प्लॉट, ओळ आणि कबरीचा नंबर असतो. सहलीच्या दोन आठवडे आधी कॉम्प्युटर लॅबमध्ये एक तास घ्या. चाळीस पोरं असतील तर वीस नावं पुरेत, दोघांत एक. वयं वेगवेगळी घ्या, एखादा साधा शिपाई, एखादा अधिकारी, एखादा हवाई दलातला. लॅब बंद असेल (आमची निम्म्या वेळा बंदच असते) तर तुम्हीच मोबाईलवर नावं काढा आणि चिठ्ठ्या हातानं लिहा, प्रिंट काढण्यापेक्षा ते बरंच, कारण पोरं ती चिठ्ठी नीट जपतात.

आता परवानग्या आणि बस, हे पटकन उरकतो, कारण सगळ्यांना माहितीच आहे. पालकांचं संमतीपत्र, मुख्याध्यापकांचं पत्र, शिक्षण विभागाची मंजुरी, आणि एसटीनं जाणार असाल तर आगारात आधीच भेटून घ्या, शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते. मुली असतील तर बाई बरोबर हव्यातच. स्वच्छतागृहाला कुठं थांबायचं ते आधी ठरवा, ऐनवेळी रस्त्यात शोधत बसू नका. आम्ही पहाटे साडेपाचला निघतो, डबा घरचा. येताना खंबाटकी घाट लागतो म्हणून उलटीच्या गोळ्या आणि पिशव्या आपल्याकडं ठेवायच्या, पोरांच्या दप्तरात नको, तिथं त्या वेळेवर सापडत नाहीत.

दिवसाला दोनच ठिकाणं, तिसरं घेऊ नका. आमची जोडी अशी: सकाळी खडकी, होळकर पुलाजवळ, आणि जेवण झाल्यावर कॅम्पात घोरपडीच्या बाजूला लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. ते लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलंय, १९९८ ला खुलं झालं, तिथं मिग-२३ विमान ठेवलंय त्यामुळं पोरं खूष असतात. पण क्रम उलटा करू नका, आधी विमान बघितलं की नंतर कबरीपुढं कुणी शांत उभं राहत नाही. सगळा भाग लष्कराचा आहे तेव्हा बसमधून बाहेरचे फोटो काढायचे नाहीत ही ताकीद आदल्या दिवशीच द्या. दोन्ही ठिकाणच्या वेळा आणि सुट्टीचा दिवस निघायच्या आधी फोन करून विचारा.

बरेच जण विचारतात की कोरेगाव भीमा याच दिवशी का घेत नाही. तो विजयस्तंभ, १ जानेवारी १८१८ ची लढाई, त्यावर कोरलेली नावं आणि त्यातली महार सैनिकांची नावं, हा स्वतंत्र सहलीचाच विषय आहे, जाता जाता उरकायचा नाही. नेणार असाल तर १ जानेवारीच्या आसपास नको, लाखो लोक अभिवादनाला येतात, शाळेच्या बसला जागा मिळत नाही आणि लहान पोरांची काळजी लागून राहते.

खडकीत गेल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच बोलू नका. मग नियम तीनच: दगडावर बसायचं नाही, फुलं तोडायची नाहीत, पळायचं नाही. बाकी मोकळं सोडा. दगडावर काय काय असतं ते वर्गात आधीच फळ्यावर काढून दाखवा, म्हणजे सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, वय, धर्माचं चिन्ह, आणि बऱ्याच दगडांवर सगळ्यात खाली घरच्यांनी सांगितलेली एखादी ओळ. ही खालची ओळ सोडू नका. मी प्रत्येक जोडीला त्या ओळीचं मराठी करायला लावतो. दोन वर्षांपूर्वी दोन मुली एका दगडासमोर उकिडव्या बसल्या होत्या, आईबापांनी कोरून घेतलेली ओळ, इंग्रजी अगदी सोपं, पण त्यातल्या एका शब्दाला 'प्रिय' लिहायचं का 'लाडका' यावरून त्यांचं चांगलंच वाजलं. एक म्हणे प्रिय आपण पत्रात मायन्यात कुणालाही लिहितो, दुसरी म्हणे लाडका म्हणजे लहान बाळ, हा तर एकवीस वर्षांचा आहे. शेवटी वहीत लिहिलं "आमचा". मी बाजूलाच उभा होतो, बोललो नाही. त्या अर्ध्या तासात त्या जे शिकल्या ते मला धड्यातून शिकवता आलं नसतं.

आणि हमखास एक प्रश्न येतो, तयारी करून जा. "सर, ही सगळी साहेबांचीच नावं, आपली माणसं कुठायत?" याचं उत्तर टाळू नका, खरं तर सहल इथंच सुरू होते. हिंदू सैनिकांचं दहन व्हायचं, त्यामुळं बहुतेकांची कबरच नसते, स्मारकावर नाव असतं एवढंच. पण तेही सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मोठ्या संख्येनं मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथल्या कूत शहराला तुर्की सैन्यानं घातलेला वेढा १४७ दिवस चालला, आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या, खायला उरलं नाही, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि साधारण १३ हजार जण कैदेत गेले, त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत. त्या मोहिमेचं स्मारक बसऱ्याला आहे, त्यावर ४० हजारांवर जणांची नोंद, आणि त्यात हिंदी सैन्यातल्या (म्हणजे इंग्रजांच्या हाताखालच्या भारतीय सैन्यातल्या) अधिकाऱ्यांची नावं कोरली पण साध्या शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा घातला. असे ३३ हजारांहून जास्त शिपाई. नावं कागदावरच्या रजिस्टरात होती, दगडावर नाही. २०२१ मध्ये खुद्द वॉर ग्रेव्हज कमिशननं चौकशी अहवाल काढून मान्य केलं की आशिया आणि आफ्रिकेतल्या लाखभराहून जास्त सैनिकांची नावानं नोंद घेतली गेली नाही. हे पोरांना सांगा, नववीच्या पोराला यातला अन्याय समजतो, सोपा करून सांगावा लागत नाही. खडकीतच पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचीही नोंद आहे, ती मुद्दाम दाखवा, ती माणसं कुठून कुठं येऊन गेली हे नकाशावर बोट ठेवून बघू द्या.

मग पुढचा प्रश्न, इंग्रजांसाठी का लढले? इथं भाषण ठोकू नका. कोरडवाहू शेती, महिन्याचा रोख पगार, घरात आधीपासून पलटणीची परंपरा, भरतीचा दबाव, असं सगळंच होतं, प्रत्येकाचं कारण एकच नव्हतं. हे सांगून थांबा, पोरांना आपसात बोलू द्या.

परत आल्यावर दुसरा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आता आपल्या माणसांची नावं शोधायची. कमिशनच्या साइटवर हिंदी सैन्य निवडायचं, जास्तीच्या माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव टाकायचं, कारण रजिस्टरात बऱ्याचदा अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, सातारा असं लिहिलेलं असतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जिल्हे तेव्हाचे टाका, रायगड टाकलंत तर काही हाती लागणार नाही, तेव्हा तो कुलाबा होता. दुसरं, स्पेलिंग साहेबाच्या कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, पवारचा पोवार, शिंदेचा सिंदे, तेव्हा चार-पाच तऱ्हेनं टाकून बघा. आमच्या वर्गात एका पोराला शेजारच्या गावचं नाव सापडलं तेव्हा तो बाकावर उभा राहिला होता.

कोकणातल्या शाळांना तर खडकीपर्यंत यायचीही गरज नाही, रायगड जिल्ह्यातल्या माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं, तुकडीतले जवळजवळ सगळे पडले, ते एकटे मशीनगनवर धावून गेले, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून लढले आणि तिथंच गेले, वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं पण कबर सापडली नाही, नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ ला त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. साताऱ्याच्या बाजूला असाल तर अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. तिथं जायचं तर ग्रामपंचायतीला आधी सांगून जा, माजी सैनिक स्वतःहून पोरांशी बोलतात, तेव्हा प्रश्न आधी लिहून न्या आणि "किती जणांना मारलं" असलं विचारायचं नाही हे बजावून ठेवा.

आणि स्वतःच्या गावातली पाटी बघा. बऱ्याच गावांत चावडीच्या, वेशीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत एक छोटा दगड बसवलेला असतो, १९१४ ते १९१९ च्या लढाईत या गावातून इतकी माणसं गेली, इतकी परत आली नाहीत. तिथंही आकडाच, नाव नाही. पोरांना म्हणा, हा आकडा नावांनी भरायचा, म्हाताऱ्यांना विचारा, जुन्या पेट्यांतली मेडल बघा, कडेवर बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं असतं, घासूनपुसून चकचकीत करू नका नाहीतर तेही जाईल. पाटीला ऑइलपेंट लावू देऊ नका, अक्षरं बुजतात, नुसतं पाणी आणि मऊ फडकं बस झालं. फोटो सकाळी सात-साडेसातला काढा, ऊन तिरपं पडलं की खोदलेल्या अक्षरांत सावली भरते आणि एकेक अक्षर उठून येतं, दुपारी बाराला त्याच दगडावर काही म्हणजे काही वाचता येत नाही.