परदेशातल्या कामाच्या दौऱ्यात छोटी भटकंती कशी बसवावी

कामासाठी परदेशात गेलेली बरीच माणसं विमानतळ, हॉटेल आणि मीटिंगची खोली एवढंच पाहून परततात. वेळ मिळतो, पण तुकड्यांत मिळतो: एखादी संध्याकाळ, एखादी पहाट, विमान रात्रीचं असेल तर अर्धी दुपार. या तुकड्यांत काय बसेल हे निघण्याआधी ठरवलेलं नसतं आणि ते तास पलंगावर फोन चाळण्यात जातात. त्यासाठी आधी वेळ मोजावा आणि मग त्यात बसणारी जागा शोधावी. जागा आधी निवडली की हमखास शहरातली सगळ्यांत प्रसिद्ध जागा निवडली जाते, ती निघते दोन तासांवर, आणि बेत बारगळतो.

पहाट की संध्याकाळ?

हे जेटलॅगवर, म्हणजे वेळ बदलल्याने शरीराच्या घड्याळाच्या होणाऱ्या गोंधळावर, सोडून द्या. शरीर नव्या घड्याळाशी साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळतं. पश्चिमेकडे गेलात तर पहिले काही दिवस पहाटे चारलाच टक्क जाग येते. पूर्वेकडे गेलात तर रात्री डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. म्हणून पश्चिमेच्या दौऱ्यात पहाट वापरा, पूर्वेच्या दौऱ्यात संध्याकाळ.

त्या तारखेचा सूर्यास्तही पाहून ठेवा. सिंगापूरमध्ये वर्षभर सातच्या आसपास सूर्य मावळतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. स्टॉकहोमला जूनमध्ये रात्री दहापर्यंत ऊन असतं, तर डिसेंबरमध्ये तीन वाजायच्या आतच दिवस मावळतो.

उलटा हिशेब

सगळा बेत या हिशेबावर उभा असतो, त्यामुळे तो कागदावर मांडा. समजा झुरिकमध्ये मीटिंग पाचला संपते आणि साडेआठला हॉटेलात परत यायचं आहे. हातात २१० मिनिटं आहेत. त्यातून कपडे बदलायला २०, उएटलिबर्ग डोंगराच्या पायथ्याच्या ट्रिएम्लीला पोचायला २५, परतीच्या प्रवासाला ३५ आणि राखीव म्हणून ३० मिनिटं वजा करा. उरली १००.

ट्रिएम्लीहून डोंगराचा माथा साधारण ३ किलोमीटर लांब आणि ४०० मीटर उंच आहे. इथे विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२चा ठोकताळा कामी येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे अंतराची ३६ आणि चढाची ४० मिळून ७६ मिनिटं. माथ्यावर २४ मिनिटं हातात राहतात, आणि उतरायला वरूनच एस-१० लोकल मिळते, ती वीसेक मिनिटांत मुख्य स्थानकात सोडते. हा ठोकताळा न थांबता चालणाऱ्यासाठी आहे. फोटो काढणं, दम खाणं त्यात धरलेलं नाही. दिवसभर खुर्चीत बसून आलेल्या माणसाने वर आणखी पाव वेळ धरावा.

राखीव अर्ध्या तासाला हात लावू नका. परतीची एक गाडी चुकली तर हाच वेळ वाचवतो. शेवटची गाडी किंवा फेरीबोट किती वाजता सुटते, हे निघायच्या आधीच लिहून ठेवा.

काय निवडावं

दोन तासच असतील तर पाण्यावर जा. इस्तंबूलमध्ये एमिनोन्यू ते कादिकोय ही रोजच्या प्रवाशांची बोट वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात नेते. सिडनीत सर्क्युलर की ते मॅन्ली हा प्रवास अर्ध्या तासाचा आहे. अशा ठिकाणी पर्यटकांची महागडी सफर घेण्याची गरज नाही. लोक कामावर जायला जी बोट वापरतात तिच्यातूनही तेच पाणी आणि तोच किनारा दिसतो.

अर्धा दिवस असेल तर सार्वजनिक वाहनाने गाठता येणारी पायवाट शोधा. हाँगकाँगमध्ये शौ की वान मेट्रो स्थानकाबाहेरून ९ क्रमांकाची बस 'ड्रॅगन्स बॅक' या वाटेच्या तोंडाशी सोडते. साधारण साडेआठ किलोमीटरची ही वाट बिग वेव्ह बे या समुद्रकिनाऱ्यावर उतरते. धारेवर सावली नाही, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी जाऊ नये. टोकियोत शिंजुकूहून केइओ रेल्वेने सुमारे तासाभरात ५९९ मीटरच्या ताकाओ डोंगराचा पायथा येतो. सुट्टीच्या दिवशी तिथे रांगा लागतात, कामाच्या दिवशी जमलं तर उत्तम.

शनिवार मोकळा असेल तर पार्करनला जा. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालेली ही ५ किलोमीटरची मोफत धाव आता वीसहून अधिक देशांत होते. एकदाच नाव नोंदवून मिळालेला बारकोड जगभर चालतो. चालत गेलं तरी हरकत नाही. अनोळखी शहरात स्थानिक माणसांशी सहज बोलणं व्हायला याहून सोपी वाट नाही.

जागा कोणतीही असो, बंद असण्याचा वार तपासा. सिंगापूरच्या मॅकरिची जंगलातला २५० मीटरचा झुलता पूल सोमवारी बंद असतो.

नकाशा आणि सामान

हॉटेलचं वायफाय असतानाच नकाशा उतरवून घ्या. गुगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता सांगतो, पायी चालायचा सांगत नाही. जंगलात रेंज गेल्यावर हे कळून उपयोग नसतो. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड या नकाशांच्या ॲपमध्ये पायवाटा ऑफलाइन दिसतात.

बॅगेत भर फक्त दीड किलोची पडते: धावायचे बूट, २५० ग्रॅमच्या आसपासचं पावसाळी जाकीट, लवकर वाळणारा कपड्यांचा एक जोड, घडी होणारी पाठपिशवी, डोक्याला बांधायचा छोटा दिवा आणि रिकामी बाटली. बूट विमानात पायातच घाला, म्हणजे जागा वाचते. पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत ती चालत नाही. ऑफिसचा लॅपटॉप मात्र भटकंतीला नेऊ नका. तो हरवला तर प्रश्न एका यंत्राचा राहत नाही.

कुठे अडतं

एकेरी प्रवेशाचा व्हिसा असेल तर सीमेपलीकडचं गाव कितीही जवळ असलं तरी जाऊ नका, परत आत येता येणार नाही. ओळख दाखवायला पासपोर्टची प्रत बहुतेक ठिकाणी चालते, पण जपानमध्ये पर्यटकाने मूळ पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. कंपनीच्या विम्यात साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात, तेव्हा पॉलिसीतलं ते कलम निघण्याआधी वाचा. स्कूबा डायव्हिंगचा मोह झाला तर परतीच्या विमानाची वेळ आधी बघा: एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्हनंतर किमान १८ तास उड्डाण टाळायचं असतं. पाण्याखाली दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो.

कुठे जाताय आणि किती वाजता परताल, हे तिथल्या एका सहकाऱ्याला संदेशाने कळवा. युरोपीय संघाच्या कोणत्याही देशात तातडीच्या मदतीसाठी ११२ लावता येतो.

परतताना बुटांकडे लक्ष द्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मातीतून रोग आणि किडी येऊ नयेत म्हणून विमानतळावर बूट तपासतात, आणि तळव्याला माती असेल तर ती फॉर्मवर आधी जाहीर करावी लागते. पुढचा मुक्काम तिथे असेल तर आदल्या रात्री जुन्या टूथब्रशने तळव्याच्या खाचा घासा, ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि दोन तासांनी कागद बदला. सकाळपर्यंत ते बॅगेत टाकण्याइतके सुकतात.