गाडीचे रिमोट लॉक चालेनासे झाल्यास दोष कसा शोधावा

रिमोटचे बटन दाबूनही गाडीची दारे उघडत नसतील, तर नवी किल्ली करून घेण्यापूर्वी दोष किल्लीत आहे, गाडीत आहे की एखाद्याच दारात आहे, हे आधी ठरवावे. त्यासाठी कोणतेही अवजार लागत नाही.

प्रथम दुसरी किल्ली वापरून पाहावी. तिने सर्व दारे उघडली, तर दोष पहिल्या किल्लीतच आहे. दोन्ही किल्ल्या निकामी वाटल्या, पण चालकाच्या दारावरील लॉकच्या बटनाने सर्व दारे लागत असतील, तर दारांतील मोटरी ठीक असून रिमोटचा संदेश गाडी घेत नाही, असे समजावे. डिकी अर्धवट लागलेली असेल किंवा किल्ली इग्निशनमध्ये राहिली असेल, तर अनेक गाड्या रिमोटला दाद देत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

किल्लीतला दोष बहुधा सेलचा असतो. गाडीच्या अगदी जवळ गेल्यावरच दार उघडू लागले, की सेल संपत आल्याचे ओळखावे. सेलवर सीआर २०३२ असे लिहिलेले असल्यास पहिले दोन अंक २० मिलिमीटर व्यास आणि पुढचे दोन ३.२ मिलिमीटर जाडी सांगतात. सीआर २०२५ हाही ३ व्होल्टचाच, परंतु पातळ असल्याने त्याच्या जागी घातल्यास सैल बसतो. जुना सेल लहान मुलांच्या हाती कदापि लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होते, म्हणून तत्काळ रुग्णालय गाठावे.

रामकुंडावर खिशातली किल्ली भिजली, किंवा त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या पावसात तिच्यात पाणी शिरले, तर बटने दाबून पाहण्याचा मोह टाळून आधी सेल काढावा आणि आतील पट्टी सावलीत पूर्ण वाळू द्यावी.

नवा सेल घालूनही उपयोग झाला नाही, तर किल्ली आणि गाडी यांचा मेळ तुटलेला असू शकतो. बऱ्याच रिमोटमधून दर दाबण्याला नवा संकेत जातो. गाडीपासून दूर, मुलांच्या खेळात बटन असंख्य वेळा दाबले गेले, तर गाडी तो क्रम हरवते. मेळ पुन्हा जुळवण्याची कृती प्रत्येक गाडीची वेगळी असल्याने ती मॅन्युअलमध्ये पाहूनच करावी.

एकच दार रुसले असेल, तर त्याची मोटर किंवा दार आणि खांब यांमधल्या रबरी नळीतील, सतत वाकून तुटलेली तार तपासून घ्यावी. एकही दार हलत नसेल आणि आतले दिवेही मंद असतील, तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता मोठी.

तोवर गाडीत शिरायचे, तर स्मार्ट किल्लीत दडवलेली धातूची किल्ली काढावी. तिने दार उघडताच अलार्म वाजला तरी घाबरू नये. बटनाने सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांत सेल संपलेली किल्लीही स्टार्टच्या बटनाला टेकवून धरल्यास इंजिन चालू होते.