देशाचं जंगल घटलं तर तोटा किती, तो मोजायचा कसा

पाटण, शिराळ्याकडं डोंगर बोडका झाला की सगळे म्हणतात लय नुकसान झालं, पण किती ते कोण सांगत नाही, आणि आकडा नसला की मीटिंगमध्ये कोण ऐकूनच घेत नाही. म्हणून अख्ख्या देशाचा हिशोब कसा काढतात ते लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, तोडलेलं सगळं लाकूड म्हणजे तोटा नसतंय. जंगल दरवर्षी वाढतंय, त्या वाढीएवढीच तोड झाली तर आपण फक्त व्याज खाल्लं, मुद्दल शाबूत. म्हणून वर्षाची तोड वजा नैसर्गिक वाढ, दोन्ही घनमीटरमध्ये. वाढच जास्त निघाली तर जागतिक बँकेच्या पद्धतीत तोटा शून्य धरतात. आणि तोडीत सरपण धरायला विसरू नका, वाडीवस्तीवरच्या मोळ्यांची कुठं पावती फाटत नाही पण लाकूड तर गेलेलं असतंय ना.

मग भाव. वखारीतला भाव जसाच्या तसा लावायचा नाही, त्यात तोडणीची मजुरी, ट्रकभाडं, धंद्यातला नेहमीचा नफा सगळं आलं, ते वजा करून उरतंय ती उभ्या झाडाची किंमत, अर्थशास्त्रात तिला रेंट म्हणतात. समजा तोड 120 लाख घनमीटर, वाढ 90 लाख, भाव 4000 रुपये आणि खर्च 2500. तर 30 लाख गुणिले 1500, म्हणजे 450 कोटी. हेच सरसकट 120 लाखाला 4000 नी गुणलं तर 4800 कोटी येतात, आणि असला फुगवलेला आकडा समोरचा दोन मिनिटात खोडून काढतो, मग खरा तोटा पण बाजूला पडतो.

आता हे 450 कोटी राष्ट्रीय उत्पन्नातून वजा करायचे, कारण जीडीपीत विकलेलं लाकूड कमाई म्हणून येतं पण संपलेलं जंगल कुठंच वजा होत नाही. इंडोनेशियाचं 1971 ते 84 चं असं गणित 1989 साली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटनं केलं, तेल, जंगल आणि माती तिन्हीची झीज वजा केल्यावर जीडीपीच्या वाढीचा वर्षाचा दर 7.1 वरून 4 टक्क्यांवर आला!

पण हे झालं नुसतं लाकडाचं. हिरडा, मध, पाणी, कार्बन यांचा हिशोब वेगळा मांडा. कोयनेसारख्या 105 टीएमसीच्या धरणाच्या वरचं जंगल पातळ झालं तर गाळ येणार, मग एकतर गाळ काढायचा खर्च धरा नाहीतर कमी झालेल्या साठ्याचं नुकसान धरा, एकाच गाळाचे दोन्ही धरले तर डबल मोजणी होते.

क्षेत्रफळाच्या आकड्यावर पण विसंबू नका. फॉरेस्ट सर्व्हेच्या व्याख्येत 1 हेक्टर किंवा त्याच्या वरची, किमान 10 टक्के भाग झाडांच्या फांद्यापानांनी झाकलेली जमीन वनाच्छादनात येते, म्हणजे आमराई पण आली, त्यामुळं दाट जंगल जाऊन बागा वाढल्या तरी एकूण आकडा तसाच दिसू शकतो.

खाणीला, रस्त्याला जमीन कायमची गेली तर पुढच्या सगळ्या वर्षांचं नुकसान आजच्या किमतीत आणावं लागतं. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं 2008 ला अशा वनजमिनीच्या भरपाईचे हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये असे दर ठरवले होते. यात सगळा खेळ डिस्काउंट रेटचा, म्हणजे पुढचा पैसा आज वर्षाला किती टक्क्यांनी कमी धरायचा त्या दराचा असतो, 50 वर्षांनंतरचे 1 लाख रुपये 4 टक्क्यांनी आज साधारण 14 हजार होतात आणि 10 टक्क्यांनी फक्त साडेआठशे. म्हणून दोन्ही दरांनी काढा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि कुठला दर का धरला ते खाली स्पष्ट टाका.