डिलिव्हरीनंतर घरी आल्यावर या चुका टाळा

डिस्चार्जनंतर नर्सला सगळ्यात जास्त फोन येतो तो "सिस्टर, दूधच येत नाहीये", आणि तोवर घरात पावडरचा डबा आलेला असतो. अहो, पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, घट्ट, पिवळसर, थोडा थोडा, आणि बाळाला तेवढा पुरतो, तो पिळून टाकू नका. वरचं दूध दिलं की बाळ झोपून जातं, अंगावर ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध आणखी कमी होतं, मग परत पावडर. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं, रात्रीसुद्धा. बोंड दुखतंय, चिरा पडल्यात, तर बहुतेक वेळा बाळाने नुसतं बोंड धरलेलं असतं, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकली पाहिजे. दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका, सू मोजा, पाचव्या दिवसापासून दिवसाला 6 वेळा तरी झाली पाहिजे. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच.

मध, घुटी, साखरपाणी नको, 6 महिने पाणीसुद्धा नको, मे महिन्यात पण नाही. मधाने वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, होऊ शकतो, त्यामुळे "आम्ही पण चाटलंय" हे ऐकून घ्यायचं आणि वाटी आत ठेवून द्यायची.

बेंबीला हळद, तेल, राख काही नको, कोरडी ठेवा, लंगोट बेंबीच्या खाली बांधा. बाळाची छाती फुगली म्हणून पिळतात ते तर अजिबात नको, आईच्या हार्मोनमुळे होतं ते, आपोआप बसतं. मुलीला सूच्या जागेतून रक्ताचे दोन थेंब दिसले तरी कारण तेच.

बंद खोलीत शेगडी, धुरी नको, धूर बाळाच्या छातीत जातो. ऊब द्यायची तर बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवा आणि वरून पांघरूण घाला.

पिवळेपणा पहिल्या 24 तासांत दिसला किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

आता बाळंतीण, जिच्याकडे पाहुण्यांच्या गर्दीत कुणाचं लक्षच नसतं. पोट सुटेल, टाके पिकतील म्हणून पाणी तोडतात, मग शी कडक होते, लघवीला जळजळ होते आणि टाके त्यानेच दुखतात. पाणी तहान लागेल तेवढं द्या. लोहाची गोळी 180 दिवस, चहासोबत नाही आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, मोठ्या गाठी पडतायत, ताप आहे, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतोय, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, यातलं काहीही असेल तर बाळंतकाढा उकळत बसू नका, 108 ला फोन करा. डिलिव्हरीनंतरही बीपी वाढतं आणि आकडी (फिट) येऊ शकते. दोन आठवडे उलटूनही ती रडतेय, झोप नाही, तर नाटकं म्हणू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि आशाताईंना दारातूनच परत पाठवू नका बाबांनो, दृष्ट लागत नाही. दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात, वजन करतात, ताप बघतात, श्वास मोजतात. शांत बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध सोडून नुसतं झोपून राहत असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.