ट्रेनिंगच्या आधी १.१० दिसलं पाहिजे

पहिलं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) तयार लायब्ररीत बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पायथन, नमपाय (पायथनमधलं मॅट्रिक्सच्या आकडेमोडीचं साधन) आणि आयरिस फुलांचा डेटा एवढं पुरतं. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये वापरलेला हा डेटा: तीन जातींची प्रत्येकी ५० फुलं. पहिलीच ओळ ५.१, ३.५, १.४, ०.२, म्हणजे सेपल (निदल) आणि पेटल (पाकळी) यांची लांबी-रुंदी, सेंटीमीटरमध्ये.

ओळी जातवार लावलेल्या असतात, म्हणून आधी शफल करा. मग १२० शिकवायला, ३० तपासायला. प्रत्येक रकान्यातून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागा. हे दोन्ही आकडे त्या १२० ओळींवरूनच काढायचे.

रचना ४-८-३: आत चार आकडे, मधल्या म्हणजे हिडन लेयरमध्ये आठ, बाहेर तीन जातींसाठी तीन. वेट्स (ज्यांनी गुणायचं) आणि बायस (जे मिळवायचे) धरून ६७ आकडे. वेट्स छोटे आणि रँडम घ्या. सगळे शून्य ठेवलेत तर हिडन लेयरपर्यंत ग्रेडियंट (आकडा जरा बदलला तर चूक किती बदलेल ते प्रमाण) पोचतच नाही. पुढे गुणाकार, बायस, रेलू (ऋण आकड्यांच्या जागी शून्य), पुन्हा गुणाकार आणि बायस, शेवटी सॉफ्टमॅक्स (आकड्यांच्या बेरीज १ होणाऱ्या शक्यता करणं).

आता ट्रेनिंग न करता नुसता क्रॉस-एंट्रॉपी लॉस (खऱ्या जातीला दिलेल्या शक्यतेचा उणे लॉग, १२० फुलांची सरासरी) छापा. नेटवर्कला काहीच कळत नसेल तर ते प्रत्येक जातीला साधारण एक तृतीयांश शक्यता देणार, आणि तीनचा नैसर्गिक लॉग १.०९८६, म्हणून लॉस १.१० च्या आसपास दिसला पाहिजे. लॉस ४ आला तर वेट्स फार मोठे आहेत. १३२ च्या आसपास आला तर १२० ने भागायचं राहिलंय. ही एक ओळ छापली की पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

बॅकप्रॉपचा, म्हणजे चूक मागे नेत ग्रेडियंट काढण्याचा, उगाच बाऊ केला जातो. उत्तर आलं ०.२, ०.५, ०.३ आणि फूल तिसऱ्या जातीचं, तर तिसऱ्यातून १ वजा करा: ०.२, ०.५, –०.७. आउटपुटचा ग्रेडियंट झाला! तो १२० ने भागून दुसऱ्या वेट्स-मॅट्रिक्सच्या ट्रान्सपोजने (ओळी-रकाने अदलाबदल करून) मागे न्या. जिथे रेलूने शून्य दिलं होतं तिथे शून्य करा. सगळे ग्रेडियंट हातात आल्यावरच वेट्स बदला, मधेच नाही.

खात्रीसाठी एखादं वेट ०.००००१ ने वर-खाली करा, दोन्ही लॉसमधला फरक ०.००००२ ने भागा. बॅकप्रॉपचा आकडा याच्याशी जुळायलाच हवा.

मग लर्निंग रेट (दर वेळी ग्रेडियंटच्या किती पट वेट्स बदलायचे) ०.१ आणि हेच पुन्हा पुन्हा करणारा लूप. सेटोसा लगेच वेगळी पडते. व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका एकमेकींत मिसळतात, चुका तिथेच होतात. आणि ३० फुलांत एक चुकलं की अचूकता ३.३३ टक्क्यांनी घसरते, तेव्हा तेवढ्या फरकावरून नेटवर्क बदलत बसू नका.