महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं का? आधी मशीन अडतंय कुठं ते मोजा

दिवाळीच्या आधी परभणीहून मावसभावाचा फोन आला. "दादा, फिफ्टी-एटी घ्यायलोय. सोयाबीनचे पैसे आलेत, आबा पण हो म्हणलेत. कोणत्या कंपनीचं घेऊ तेवढं सांग."

मी विचारलं, "मॉनिटर कोणताय?"

"तोच की. जुना, फुल एचडी."

"मग थांब जरा."

फिफ्टी-एटी म्हणजे एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०८० हे ग्राफिक्स कार्ड. ते जानेवारी २०२५ मध्ये आलं तेव्हा भारतात त्याची सुरुवातीची किंमत १,०७,००० रुपये सांगितली होती. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे एका कार्डाला वीस क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव पदरात पडला तर. मोंढ्यात काय भाव मिळतो ते आपल्याला माहीत आहे. एवढा माल एका डब्यात घालायच्या आधी दोन संध्याकाळी मोजमापात घालवायला हरकत नाही. भावाकडून मी जे करून घेतलं, तेच इथं क्रमानं लिहितो.

पायरी १ : मॉनिटरपासून सुरुवात करा

कार्डाचं काम चित्र काढायचं. किती मोठं चित्र आणि सेकंदाला किती वेळा, हे मॉनिटर ठरवतो. फुल एचडीत साधारण २०.७ लाख ठिपके असतात, १४४० पी मध्ये ३६.९ लाख आणि ४के मध्ये ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. ५०८० सारखं कार्ड ४के किंवा जलद १४४० पी मॉनिटरसाठी बनलेलं असतं. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० च चित्रं दाखवतो. कार्डानं १८० काढली तरी डोळ्यापर्यंत पोचतात ती ६० च. (हाताला प्रतिसाद थोडा लवकर जाणवतो, हे खरं. पण त्यासाठी लाख रुपये?)

मॉनिटर फुल एचडी ६० हर्ट्झचा असेल आणि तो बदलायचा नसेल, तर महागड्या कार्डाचा विषय इथंच मिटला.

पायरी २ : अडलंय कुठं ते मोजा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात.

एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. कार्ड दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं. त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनरही टाका, म्हणजे गेम चालू असतानाच कोपऱ्यात आकडे दिसतात. पाच गोष्टी दिसू द्या: एफपीएस (सेकंदाला किती चित्रं निघतात), कार्डाचा वापर टक्क्यांत, कार्डाची मेमरी, कार्डाचं तापमान आणि प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (कामाच्या प्रत्येक ओळीचा) वापर. मग गेमच्या सेटिंगमधलं व्ही-सिंक (कार्डाला मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं) आणि एफपीएसची मर्यादा बंद करा. हे विसरलात तर कार्ड आरामात बसलेलं दिसेल आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. आता जो गेम तुम्ही खरंच खेळता, त्यातला जड भाग वीस मिनिटं खेळा आणि आकडे वहीत लिहा.

कार्डाचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के असेल आणि एफपीएस कमी पडत असेल, तर अडचण कार्डातच आहे. वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलंय. नवं कार्ड घातलं तर तेही तसंच वाट बघत बसेल, फक्त जास्त महाग खुर्चीवर. इथं एक फसगत होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर एकूण ३५ टक्के दिसला की माणूस म्हणतो, प्रोसेसर तर मोकळा आहे. पण गेमचा मुख्य भार एखाद-दुसऱ्या थ्रेडवर असतो. बारा थ्रेडपैकी एक पूर्ण थकलेला आणि बाकीचे निवांत असले, तरी एकूण आकडा कमीच दिसतो. म्हणून थ्रेड सुटे सुटे बघायचे.

खात्री करायची सोपी युक्ती: गेमचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, एकदम खाली आणा. एफपीएस टुणकन वर गेला तर कार्ड अडत होतं. जागचा हलला नाही तर प्रोसेसर किंवा रॅम.

भावाचं मशीन रायझन ५ ३६०० आणि जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबी. त्यानं दोन गेमचे आकडे पाठवले. सायबरपंक २०७७ मध्ये कार्ड ९९ टक्के आणि ६ जीबी मेमरी काठोकाठ. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कार्ड साठीत, प्रोसेसर दमलेला. एकाच मशीनमध्ये दोन वेगळे आजार! वर त्यानं कॅबिनेट उघडून फोटो पाठवला, तर १६ जीबी रॅमची एकच पट्टी, शेजारचा स्लॉट रिकामा. जोडणाऱ्यानं एक पट्टी लावून काम भागवलं होतं. दोन पट्ट्या असल्या की रॅमला दुहेरी वाट मिळते आणि प्रोसेसर अडणाऱ्या गेममध्ये फरक चटकन कळतो. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळं हे काम आता पूर्वीसारखं किरकोळ राहिलेलं नाही.

मेमरीचं लक्षण ओळखायला सोपं आहे. सरासरी एफपीएस बरा असतो, पण वळलं की झटका बसतो, भिंतीवरची नक्षी उशिरा स्पष्ट होते. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर (या नक्षीचा बारकावा) एक पायरी खाली आणल्यावर झटके थांबले, तर कमतरता मेमरीची आहे.

पायरी ३ : फुकटातलं आधी संपवा

कॅबिनेटची धूळ काढा. आपल्याकडं मार्च ते जून पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या खोलीत मशीन चालतं आणि पंख्यांवर धुळीचा थर बसतो. चार-पाच वर्षांच्या कार्डाची, चिपची उष्णता ओढून नेणारी पेस्ट बदलली की तापमान उतरतं. ते उतरलं की मंदावलेलं कार्ड परत मूळ वेगावर येतं.

मग सेटिंग. सगळं अल्ट्रावर ठेवायचा हट्ट सोडा. सावल्या आणि धुकं हायवर आणून बघा, फरक ओळखता आला तर मला कळवा. कार्ड आरटीएक्स असेल, अगदी २०१८ चं २० सिरीजचं असलं तरी, डीएलएसएसचं (लहान चित्र काढून मोठं करायची एनव्हिडियाची सोय) नवं मॉडेल त्यावर चालतं. ४के मॉनिटरवर क्वालिटी मोड लावला की कार्ड आतून १४४० पी चंच चित्र काढतं आणि ते मोठं करून दाखवतं. जीटीएक्स असेल तर डीएलएसएस नाही, तसंच काम करणारं एएमडीचं एफएसआर वापरा. ते जुन्या कार्डांवरही चालतं, चित्र थोडं मऊ दिसतं.

एक गोष्ट सेटिंगनं सुटत नाही. २०२४ च्या शेवटी आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमला आणि २०२५ च्या डूम: द डार्क एजेसला रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावली रंगवणं) जमणारं कार्डच लागतं. असे गेम तुमच्या यादीत असतील, तर जीटीएक्सवाल्यांना आज ना उद्या बदलावंच लागेल.

पायरी ४ : जाहिरातीतला एफपीएस आणि हाताला जाणवणारा एफपीएस वेगळे करा

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग म्हणाले होते, ५४९ डॉलरचं ५०७० कार्ड आता मागच्या पिढीतल्या ४०९० ची कामगिरी देईल. ४०९० हे १,५९९ डॉलरचं कार्ड! यातली मेख मल्टी फ्रेम जनरेशनमध्ये आहे. कार्ड खरी एक चौकट (फ्रेम, म्हणजे एक चित्र) काढतं आणि तिच्या जोडीला तीन-तीन चौकटी अंदाजानं बनवतं. चित्र वाहतं दिसतं, पण माऊस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या चौकटींवरच ठरतो. मुळात ३० एफपीएस असेल तर पडद्यावर १२० दिसले तरी हाताला ३० च लागतात. मुळात ७० असेल तर मात्र हीच सोय छान वाटते. म्हणून कोणताही तक्ता बघताना फ्रेम जनरेशन बंद ठेवून काढलेले आकडे बघा, आणि तेही तुमच्याच रिझोल्यूशनचे.

माझा स्वतःचा नियम असा: फ्रेम जनरेशनशिवाय निदान दीडपट वाढ मिळत नसेल तर पैसे काढायचे नाहीत. ४०८० सुपरवरून ५०८० वर गेलात तर १० ते १५ टक्क्यांच्या आसपास वाढ मिळते. त्यासाठी कार्ड बदलणाऱ्याला हौस आहे एवढंच म्हणता येईल. १६६० सुपर किंवा २०६० वाल्याची गोष्ट वेगळी. त्याला मधल्या फळीतलं कार्डही दुप्पट-तिप्पट वाटतं. १४४० पी साठी मी आज १६ जीबी मेमरीचं ५०७० टीआय किंवा एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी बघेन. ५०९० चं नाव इथं काढतच नाही.

आणि जे "जीटीए सहा येणार म्हणून आत्ताच घेतो" म्हणतात त्यांच्यासाठी: जाहीर झालेल्या तारखा कन्सोलच्या (प्लेस्टेशन, एक्सबॉक्सच्या) आहेत. जीटीए पाच कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला. येणाऱ्या गेमसाठी आज कार्ड घेऊन ठेवणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या पेरणीचं खत यंदाच्या पावसात ठेवण्यासारखं आहे.

पायरी ५ : एसएमपीएस, लाईट आणि ऊन

हिशेबाचा हा भाग पुण्या-मुंबईच्या एसी खोलीतल्या व्हिडिओंमध्ये नसतो.

५०८० एकटं ३६० वॅटपर्यंत खातं आणि त्याला ८५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) सांगितलाय. ५०७० टीआय ३०० वॅट, आरएक्स ९०७० एक्सटी ३०४ वॅट, दोघांना ७५० चा. मी एकदा ही पायरी गाळली होती. कॅबिनेटसोबत आलेल्या बिननावाच्या '४५० वॅट' एसएमपीएसवर मोठं कार्ड लावलं. गेम रंगात आला की मशीन खटकन बंद. आठ दिवस मी कार्डाला शिव्या दिल्या, दुकानदाराशी भांडलो, आणि निघाला तो एसएमपीएस. त्या आधी कार्ड आत मावेना म्हणून हार्ड डिस्कचा पिंजरा हॅक्सॉनं कापला होता, ते वेगळंच. त्यामुळं टेप घ्या आणि कॅबिनेटच्या आतली लांबी मोजा. मोठी कार्डं ३३ सेंटिमीटरच्या पुढं जातात.

यूपीएस बघा. आपल्याकडं घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. ५०८० चं पूर्ण मशीन खेळताना साडेपाचशे वॅटपर्यंत जातं. लाईट गेली की हा यूपीएस एकदा किंचाळेल आणि सगळंच बंद होईल. ११०० व्हीएचा, ६६० वॅट पेलणारा यूपीएस लागेल, आणि तोही मशीन नीट बंद करण्यापुरताच. जुन्या घरात अर्थिंग आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर उत्तर मिळालंच.

बिलाचा अंदाज: रोज तीन तास, ५५० वॅट, म्हणजे महिन्याला जवळपास ५० युनिट. जुनं मशीन २८० वॅटचं असेल तर त्याला २५ युनिट लागत होते. वाढ २५ युनिटची. पण महावितरणचे टप्पे १००, ३०० असे आहेत. घराचा वापर आधीच ९० युनिटवर असेल, तर शंभरच्या वरचे युनिट महाग दरानं लागतात.

मग ऊन. खोली जेवढी तापते, जवळपास तेवढंच कार्डही तापतं. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारं कार्ड मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ८३ च्या आसपास जातं. आणि साडेपाचशे वॅटचं मशीन म्हणजे त्या खोलीत लावलेला छोटा हीटरच. कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली तर उष्णता बरीच उतरते आणि वेग थोडाच जातो. उन्हाळाभर मी तसंच चालवतो.

पायरी ६ : कुठून घ्यायचं

देवगिरी एक्सप्रेसच्या एका टोकाला मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे आणि दुसऱ्या बाजूला सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर, दोन्ही कॉम्प्युटरच्या सामानाचे बाजार. नांदेड-परभणीकरांना सिकंदराबाद जवळ पडतं, आणि भावात घासाघीसही जमते. तरी मी आधी आपल्याच गावातल्या दुकानदाराला भाव विचारतो. हजार-दोन हजार जास्त गेले तरी, कार्ड बिघडल्यावर ते सर्व्हिस सेंटरला पाठवायचं कुणी, हा प्रश्न सुटतो. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर आणि भारतातली वॉरंटी, या तीन गोष्टी नसतील तर परत फिरा. "दुबईचा माल, दहा हजार कमी" हे ऐकून तर आणखी लवकर.

सेकंडहँड घेत असाल तर समोर अर्धा तास जड गेम चालवून बघा. इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं सोडवून चलन कमावणं) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यावर ३० सिरीजची रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात ढिगानं आली. त्यातली काही अजून हात बदलत फिरतायत.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना किंवा थ्रीडी काम करणाऱ्यांना वरचा अर्धा लेख लागू नाही. कार्डानं महिन्याला किती तास वाचतात ते मोजा, त्या तासांचे पैसे धरा.

भावानं शेवटी २७ इंची १४४० पी मॉनिटर घेतला, रॅमची जोडपट्टी टाकली आणि बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५००० सिरीजचा प्रोसेसर बसवला. कार्ड ९०७० एक्सटी, सोबत नवा एसएमपीएस. वीस क्विंटलातले थोडे उरले, ते आबांनी लगेच परत मागून घेतले. जुनं १६६० सुपर गल्लीतल्या एका पोरानं नेलं. तो फक्त व्हॅलोरंट हा हलका गेम खेळतो, आणि त्याचा मॉनिटर फुल एचडी आहे.