आई-बाबांच्या सिमचा खर्च निम्म्यावर कसा आणावा

इंदूरमध्ये लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग अशा भागांत बऱ्याच मराठी घरांतली मुलं आता पुण्याला किंवा बंगळुरूला असतात आणि घरी दोघंच. नातवंडं व्हिडिओ कॉलवर दिसावीत म्हणून घरात वाय-फाय घेतलेलं असतं. तरी दोघांच्या मोबाईलवर रोज दीड जीबीचं रिचार्ज चालूच असतं. मुलगा तिकडून रिचार्ज मारतो, नाहीतर कोपऱ्यावरचा दुकानदार विचारतो, ‘नेहमीचंच ना काकू?’ पेन्शनवर चालणाऱ्या घरातून हे पैसे विनाकारण जातात, आणि तासाभरात ते थांबवता येतात.

सर्वांत आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन गेल्या महिन्याचा डेटा वापर बघा. तिथे वाय-फाय आणि सिम यांचे आकडे वेगवेगळे दिसतात. आपल्याला हवा तो फक्त सिमचा. फोन घराबाहेर जातो तो भाजी, बँक आणि राजवाड्यापर्यंतची चक्कर एवढ्यापुरता असेल, तर हा आकडा अगदी किरकोळ निघेल.

मग कागद घ्या आणि रोजचा भाव काढा. रिचार्जच्या रकमेला दिवसांनी भागायचं, बस्स. रोज दीड जीबीचा जिओचा २८ दिवसांचा प्लॅन जुलै २०२४ मध्ये २३९ वरून २९९ रुपयांवर गेला, म्हणजे दिवसाला साधारण १० रुपये ६८ पैसे. आपण त्याला ‘महिन्याचं रिचार्ज’ म्हणतो, पण २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात. ३,८८७ रुपये, एका माणसाचे. या तेराव्या रिचार्जबद्दल ग्राहकांच्या तक्रारी झाल्यावर २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, प्रत्येक कंपनीला पूर्ण ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा प्लॅनही ठेवायला लावला. दुकानात तो आपणहून सांगतीलच असं नाही, तेव्हा तुम्हीच विचारा.

आता मुख्य काम: डेटा नसलेला प्लॅन शोधणं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन सक्तीचे केले आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये जिओचा ८४ दिवसांचा प्लॅन ४४८ रुपयांना आणि ३३६ दिवसांचा १,७४८ रुपयांना आला, तर एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ ला आणि ३६५ दिवसांचा १,८४९ ला. भागाकार केला की सगळे पाच-साडेपाच रुपये रोजच्या आसपास येतात. तुम्ही वाचाल तेव्हा रकमा बदललेल्या असू शकतील, म्हणून कंपनीच्या ॲपवर आजचा दर बघा आणि भागाकार पुन्हा करा.

कॉल अमर्याद, मग भाव कशाचा? पूर्वी एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर फोन केला की पहिली दुसरीला मिनिटाचे पैसे देई. ऑक्टोबर २०१७ मध्ये हा दर १४ पैशांवरून ६ पैशांवर आला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. आजींनी नागपूरच्या बहिणीशी तासभर बोललं तरी कंपनीचा खर्च फारसा हलत नाही. कंपनी आपल्याला मिनिटं विकतच नाही, नंबर चालू राहण्याचे दिवस विकते. डेटाचा मोठा प्लॅन पुढे केला जातो तो दर ग्राहकामागची सरासरी कमाई वाढावी म्हणून. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत एअरटेलची ही कमाई महिन्याला २४५ रुपये होती आणि जिओची २०३. फक्त कॉलचं वर्षाचं रिचार्ज महिन्याला दीडशेच्या आसपास पडतं. दुकानात ते शेवटी का दाखवतात, हे यावरून कळेल.

पैसे भरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: या प्लॅनवर लागेल तेव्हा वरून छोटा डेटा पॅक घेता येईल का? बाबा भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देत असतील तर बाहेर थोडा डेटा लागणारच. उत्तर ‘नाही’ आलं, तर त्यांच्यासाठी थोड्या डेटाचा प्लॅन ठेवा आणि आईचा तेवढा बदला. दोघांना एकच प्लॅन हवा असं काही नाही. लांब मुदतीचं रिचार्ज विसरायला होतं, म्हणून संपण्याच्या आठवडाभर आधीची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा.

दुसरं सिम असेल तर घाईने टाकून देऊ नका. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. बँक, आधार, गॅस, व्हॉट्सॲप यांतलं काहीही त्या नंबराला जोडलेलं राहिलं, तर तुमचे ओटीपी परक्या माणसाच्या हाती जातील. आधी सगळीकडे नंबर बदला, मगच तो सोडा. यात आळस करू नका, अशाने म्हाताऱ्या माणसांची आयुष्याची पुंजी जाऊ शकते.

दुसऱ्या कंपनीचा प्लॅन स्वस्त पडत असेल तर नंबर तोच ठेवून जाता येतं. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाका आणि १९०० वर एसएमएस करा. नव्या कंपनीला द्यायचा जो कोड येतो, तो इकडे चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात, आणि उरलेलं रिचार्ज बुडतं. त्यामुळे मुदत संपत आली की जा. जुलै २०१५ पासून दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर नेता येतो, म्हणजे पुण्याचा जुना नंबर मध्य प्रदेशात आणता येतो. पण त्याआधी घरात कोणाची रेंज येते ते बघा. शेजाऱ्यांचा फोन हातात घेऊन आतल्या खोलीत उभं राहा.

शेवटी जाहिरातींचा भाग. जाहिराती बघण्याच्या बदल्यात फोन किंवा सेवा स्वस्तात देण्याची कल्पना जुनी आहे. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये ब्लिक नावाची कंपनी १६ ते २४ वयाच्या मुलांना दिवसाला सहापर्यंत जाहिराती बघण्याच्या बदल्यात महिन्याला २१७ एसएमएस आणि ४३ मिनिटं फुकट देत असे. दोन वर्षांत तिथला तो धंदा बंद पडला. २०१६ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने लॉक स्क्रीनवर जाहिराती असलेला मोटो जी४ ५० डॉलर स्वस्त दिला. आपल्याकडे हा सौदा सिमवर नाही, स्वस्त हँडसेटवर होतो, आणि डब्यावर तसं ठळक लिहिलेलं नसतं. शाओमीने २०१८ मध्ये जाहीर केलं की हँडसेटवर ५ टक्क्यांहून जास्त नफा घेणार नाही. बाकीची कमाई येते ती जाहिराती आणि आधीच भरलेल्या ॲपमधून.

तरुण माणूस हे सहज झटकतो. सत्तरीतली व्यक्ती चमकणाऱ्या बटणावर बोट ठेवते. म्हणून जेल रोडवरून नवा फोन आणलात, तर आई-बाबांच्या हाती देण्याआधी लॉक स्क्रीनवरच्या बातम्या-चित्रं बंद करा, नको ती ॲप काढा, ब्राउझरची नोटिफिकेशन बंद करा. १९०९ वर फोन करून जाहिरातींचे कॉल अडवा. न मागितलेली कॉलर ट्यून किंवा ज्योतिष सेवा चालू होऊन शिल्लक कापली जात असेल, तर १५५२२३ वरून ती बंद करता येते. हा नंबर त्यांच्या फोनमध्ये मराठीत नाव देऊन सेव्ह करा.